भंगारवाला जे नाकारतो

दिवाळीची साफसफाई निघाली की दाराशी ढीग लागतात. वर्तमानपत्रे, खोके, पत्र्याचे डबे आणि बाटल्या काट्यावर चढतात आणि चार पैसे देऊन जातात. धड असलेले कपडे कुणाच्या तरी अंगाला लागतात. पूर्वी त्यांच्या बदल्यात बोहारीण एखादे पातेले, एखादा स्टीलचा डबा देऊन जायची. मग उरतो तिसरा ढीग. विरलेली सुती साडी, भिजून चिकटलेले कागद, फुटक्या बांगड्या, नारळाच्या करवंट्या, चकचकीत लग्नपत्रिका, पंक्चर काढून काढून कंटाळा आलेली सायकलची ट्यूब. या ढिगाकडे बघून भंगारवाला मान हलवतो आणि सायकल पुढे काढतो.

हाताने काही घडवायचे असेल तर सुरुवात या तिसऱ्या ढिगापासून करावी. भंगारवाला जे घेतो ते त्याला द्यावे, जे नाकारतो त्यातून कला करावी. नियम साधा आहे, पण ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या नावाखाली नेमके उलटे होते. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली स्वच्छ असेल तर तिला बाजार आहे. ती वितळून तिच्यापासून पॉलिस्टरचा धागा निघतो. तीच बाटली रंगवून, तिच्यावर चमकी चिकटवून, आत प्लॅस्टिकचे फूल खोचून ठेवली की तिचा पुढचा रस्ता बंद होतो. रंग आणि गोंद लागलेली बाटली कोणी घेत नाही. दोन महिन्यांनी धूळ बसली की ती कचऱ्यात जाते, सोबत विकत आणलेली चमकीही. शाळेच्या प्रकल्पासाठी नवे थर्माकोल आणि नव्या आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटे आणून केलेली ‘टाकाऊ’ वस्तू तर त्या नावाला मुळीच पात्र नाही. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे. हे तीन शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. स्वच्छ कागद, अख्खी काच आणि पत्रा यांवर कुणाचे तरी पोट चालते. ते त्यांच्याकडेच जाऊ द्यावे.

‘टिकाऊ’ या शब्दाकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. केलेली वस्तू पाच वर्षे वापरात राहील का, ती धुता येईल का, पुसता येईल का, मोडली तर दुरुस्त होईल का, हे प्रश्न सुरुवातीलाच विचारले तर हात आपोआप योग्य सामानाकडे वळतो. या कसोटीला मराठी घरातली एक वस्तू पूर्ण उतरते, म्हणून तिच्यापासूनच शिकायला बसावे. ती म्हणजे गोधडी. कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात.

गोधडीचे पहिले काम सुईचे नाही, डोळ्यांचे आहे. साडी उजेडाकडे धरून बघावी. जिथून जास्त उजेड येतो तिथे ती विरली आहे. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत कापड धरून हलकेच ताणावे. टर्रकन फाटले तर तो भाग वरच्या थराला चालणार नाही, आतल्या थरात मात्र बिनदिक्कत घालावा. गोधडीचे पोट अशाच कापडाने भरते. फॉल उसवून टाकावा आणि जाड जरीचे काठ वेगळे काढावेत, कारण जर टोचते आणि सुई अडवते. सगळे कापड एकदा धुऊन उन्हात कडक वाळवावे. नवे, न धुतलेले सुती कापड जुन्या कापडाच्या सोबतीला घेतले तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गोधडीला जागोजागी चुण्या पडतात. सिंथेटिक साड्या या कामात घेऊ नयेत. त्या घाम टिपत नाहीत आणि आगीजवळ पटकन वितळून अंगाला चिकटतात. त्यांचे दोर वळावेत, पायपुसणी करावीत.

आता हिशेब. नऊवारी साडी नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. तिच्या लांबीचे चार सारखे भाग करून एकावर एक घातले की दोन मीटरहून थोडी लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद अशी चार पदरी गोधडी मिळते. एका माणसाला ती पुरते. एक आख्खी साडी, एक आख्खे अंथरूण, आणि कातरण जवळजवळ शून्य. सहावारी साडीचे तीन भाग केले तर लांबी पावणेदोन मीटरच्या थोडी वर भरते. उंच माणसाला ती अपुरी पडते, म्हणून तिला डोक्याकडे किंवा पायाकडे दुसऱ्या कापडाचा पट्टा जोडावा. दोघांसाठी करायची असेल तर दोन साड्या कडेला कड लावून जोडाव्यात.

थर जमिनीवर घालावेत, पलंगावर नको. गादी दबते आणि खालचा थर सरकतो. फरशी पुसून कोरडी झाली की सर्वांत खालचा थर अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. पाट, वरवंटा, पाण्याचा तांब्या, काहीही चालते. प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे साफ करत न्यावा. मग हातभर अंतरावर उभा-आडवा कच्चा दोरा टाकून घ्यावा. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात, आणि त्यांचीच गोधडी शेवटच्या कोपऱ्यात फुगते.

खरी शिवण म्हणजे साधा धावदोरा. तो घालायला कोणत्याही वर्गात जावे लागत नाही. दोरा सुती आणि जाड असावा. मेणावरून एकदा ओढून घेतला तर गुंता होत नाही. टाका गव्हाच्या दाण्याएवढा ठेवावा. दोन ओळींत एक इंच अंतर धरले तर साडीच्या पन्ह्यात पंचेचाळीसच्या आसपास ओळी बसतात आणि एकूण शिवण नव्वद मीटरच्या पुढे जाते. नवख्या हाताला दोन मीटरच्या एका ओळीला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे रोज एक ओळ घातली तरी दीड महिन्यात गोधडी पुरी होते. हा वेग कमी वाटेल, पण शेंगा सोलताना होतात तशा गप्पा मारत, दोघी-तिघींनी तीन बाजूंनी बसून शिवली तर काम चटकन उरकते. खेड्यापाड्यांत आजही दुपारच्या सावलीत बायका अशाच गोधडीभोवती बसलेल्या दिसतात.

बाळाच्या दुपट्यासाठी जुने कापड आवर्जून घ्यावे. शेकडो वेळा धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो तो दुकानातल्या कापडाला नसतो. फक्त त्यावर टिकल्या, आरसे, बटणे लावू नयेत आणि दोऱ्याच्या गाठी आतल्या थरात लपवाव्यात.

ओळी सरळच घालाव्यात असे कुठे लिहिलेले नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांतल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, बघावी. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून घाटातल्या रानात वसले. त्यांची कवंदी एका कोपऱ्यातून सुरू होते. खालच्या साडीवर एकेक ठिगळ ठेवत, त्याची कड आत दुमडत, कडेकडेने शिवत बाई गोल गोल आत सरकते आणि मध्यावर येऊन थांबते. आधी आराखडा काढलेला नसतो. हाताला येईल ते ठिगळ शेजारच्या ठिगळाशी बोलते की नाही एवढेच ती बघते. सगळे झाले की चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी फुले लावतात, आणि ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. ज्यांना आधी चित्र काढून मग शिवायची भीती वाटते त्यांनी याच पद्धतीने हात घालावा. चौकोन, पट्टी, त्रिकोण, जे तुकडे असतील ते तसेच घ्यावेत. तुकड्यांना बळजबरीने एका मापात कापू नये. मापात कापण्याने कापड वाया जाते आणि गोधडी दुकानातल्या चादरीसारखी दिसू लागते.

जुन्या कापडावरचे डाग आणि उडालेला रंग लपवण्याची धडपडही सोडून द्यावी. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड नावाच्या वस्तीत कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतातल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. उन्हाने उडालेला निळा रंग आणि कपड्यांची झीज तिने तशीच ठेवली, आणि तीच त्या गोधडीची नक्षी झाली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या वस्तीतल्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या तेव्हा बघणाऱ्यांना आधुनिक चित्रकलेची आठवण झाली. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. योगायोग असा की त्याच १९४२ साली पॅरिसमध्ये पिकासोने सायकलचे जुने सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके घडवले. त्याने सीट कापले नाही, हँडल वाकवले नाही. त्या दोन वस्तूंत बैल आधीच होता, तो त्याला दिसला. शेताच्या कडेला बसलेली मिसूरीबाई आणि जगप्रसिद्ध पिकासो या दोघांनी एकच गोष्ट केली: आधी सामान नीट पाहिले आणि मग वस्तू ठरवली. फोनवर छायाचित्र बघून ‘हेच करायचे’ म्हणून सामान शोधत हिंडणाऱ्याला हे जमत नाही. त्याला शेवटी बाजारातच जावे लागते.

कागदाकडे वळू. चांगली रद्दी विकावी, पण भिजलेले वर्तमानपत्र, बिले, फाटकी पाकिटे, वह्यांची चुरगळलेली पाने यांचा लगदा करावा. बांबूच्या सुपा-टोपल्यांना कागदाच्या लगद्यात मेथी घालून लिंपण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या घराघरांत होती आणि ती आजही तितकीच उत्तम आहे. कागदाचे बारीक तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजवावेत, रोज पाणी बदलावे. मूठ-दोन मुठी मेथ्या रात्रभर भिजवून वाटाव्यात. मेथीला सुटणारा चिकटपणा हाच गोंद, आणि तिच्या कडूपणामुळे किडा-वाळवी लांब राहते. कागद पिळून खलबत्त्यात कुटावा. मिक्सरमध्ये फिरवायचा असेल तर भरपूर पाणी घालून थोडा थोडा फिरवावा, नाहीतर मिक्सर जळतो. दोन्ही एकत्र करून कणकेसारखे मळून घ्यावे.

मग एखादे पातेले पालथे घालून त्यावर ओले सुती फडके घट्ट बसवावे आणि त्यावर लगदा थापावा, भाकरीपेक्षा जरा जाड. थापताना बोटांनी दाबून पाणी काढत जावे. सावलीत, वारा असेल तिथे वाळवावे. कडक उन्हात बाहेरची बाजू आधी आवळते आणि भेगा पडतात. पावसाळ्यात हे काम करूच नये, बुरशी येते. वाळल्यावर टोपली पातेल्यावरून सुटते, फडके सोलून काढावे, काचकागदाने घासावे आणि हवे तर आतून-बाहेरून जुन्या साडीचे तुकडे खळीने चिकटवावेत. एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यायची. पूर्वी अशा टोपल्यांत धान्य ठेवत, पण छापील शाईच्या कागदाची टोपली आज खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावले आहे. सुया-दोरे, चाव्या, मुलांचे खडू, कांद्या-बटाट्यांऐवजी लोकरीचे गुंडे, यांसाठी ती छान.

लग्नपत्रिकांची अडचण वेगळीच. त्यांवर गणपती असतो, म्हणून टाकवत नाहीत, आणि सोनेरी मुलामा व प्लॅस्टिकचा थर असल्याने रद्दीतही फारशा चालत नाहीत. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिकेची आहेराची पाकिटे करावीत. एखादे जुने पाकीट उकलून त्याचा छाप घेतला की पुढची पन्नास सहज होतात. गणपतीचे चित्र नेमके दर्शनी भागावर येईल असे कापावे.

बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. अशा वाढवलेल्या बांगड्यांचे काय होऊ शकते ते चंदीगडला जाऊन बघावे. नेकचंद नावाचा रस्तेबांधणीवरचा निरीक्षक १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी रानात गुपचूप फुटक्या बांगड्या, चिनी मातीच्या बशा, विजेचे जुने फिटिंग, नदीतले गोटे गोळा करत होता. नवे शहर वसवण्यासाठी जी गावे पाडली गेली त्यांचा मलबा त्याने उचलला. दिवसा नोकरी, रात्री मूर्तिकाम, असे कित्येक वर्षे चालले. गोष्ट उघडकीस आली तेव्हा बेकायदा बांधकाम म्हणून सारे पाडले जाण्याची भीती होती, पण लोकांनी ते उचलून धरले आणि १९७६ साली रॉक गार्डन सर्वांसाठी खुले झाले. पुढे नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या कितीतरी आकृत्यांच्या अंगावर हिरव्या, लाल, निळ्या बांगड्यांचे तुकडे जडवलेले आहेत.

घरी याची छोटी आवृत्ती जमते. तुळशीच्या वृंदावनाला, फुटक्या कुंडीला किंवा गच्चीच्या कठड्याला सिमेंटचा पातळ थर लावून तो ओला असताना तुकडे दाबून बसवावेत आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने वरचा सिमेंटचा पापुद्रा पुसून काढावा. मग आठवडाभर पाणी मारावे. हातात जाड मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. लहान मुले हाताळतील अशा वस्तूवर काचेचा तुकडा लावू नये. नेकचंद यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: ते रंग आणि प्रकार वेगवेगळे लावून ठेवत. मिसळलेला ढीग म्हणजे अडगळ; निवडून ठेवलेला ढीग म्हणजे सामान. घरात मात्र रानाएवढी जागा नसते, म्हणून एक ट्रंक आणि एक टोपली ही हद्द आखून घ्यावी. ती भरली की नवे काही उचलायच्या आधी आतले काहीतरी वापरून संपवावे.

मुलांना हाताशी घेतले तर सुरुवात काडीपेटीपासून करावी. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली अभियंता झालेले आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी असल्याच सामानातून शेकडो खेळणी उभी केली. त्यांची काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रचना तर दहा मिनिटांत जमते. गुल काढून टाकलेल्या काड्या घ्यायच्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा तयार. त्याच तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने किंवा जाड सुईने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैच्या आणि लोखंडी पूल त्रिकोणांचे का असतात हे मुलाला इथेच कळते. सहा काड्या आणि तीन काड्यांचे चार सांधे घेतले की त्रिकोणी मनोरा उभा राहतो. असे खेळणे मोडले तर मूल रडत नाही, ते पुन्हा जोडते. महागड्या खेळण्याला हे कधी साधत नाही.

करवंटी घासायला वेळ लागतो, पण साधने किरकोळ लागतात. आधी सुरीने बाहेरचा काथ्या खरवडावा, मग जाड आणि शेवटी बारीक काचकागद. पाण्यात भिजवून घासली तर धूळ उडत नाही. शेवटी खोबरेल चोळले की ती शिसवीसारखी काळी चमकते.

लाकडाबाबत सावध राहावे. मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट भंगारात मिळतात आणि त्यांचे बाक, शेल्फ करण्याची आता हौस आहे. पॅलेटवरचा शिक्का आधी वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, ते घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झाली आहे. ते घरात आणू नये, कापू नये, जाळू तर नयेच. जुना रंग लागलेली दारे-चौकटी कोरड्या घासू नयेत, त्यात शिसे असू शकते. टायरची कुंडी केली तर तळाला भोके पाडावीत, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास होतात. वायरीतले तांबे काढण्यासाठी वरचे प्लॅस्टिक जाळण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नये.

काम जमू लागले की विकण्याचा विचार येतो. इथे बहुतेक जणी स्वतःवर अन्याय करतात. साडी फुकटची म्हणून गोधडीही स्वस्त, असा हिशेब मांडला जातो. एका माणसाच्या गोधडीला पंचवीस-तीस तास लागतात हे वर दिलेल्या मापांवरूनच निघते. ते तास रोजंदारीच्या दराने मोजावेत, दोरा आणि धुलाई त्यात धरावी आणि मगच किंमत सांगावी. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तासांचा हिशेब दाखवावा. कापड जुने आहे, कष्ट नवे आहेत.

आणि शेवटची ओळ घालून झाली की लगेच सुई ठेवू नये. बंगालच्या जुन्या कांथा, म्हणजे तिथल्या गोधड्या, आज संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या कित्येकींसाठी दोरासुद्धा जुन्या साड्यांच्या काठांतून उसवून घेतलेला होता, आणि तरी बहुतेकींवर शिवणारीचे नाव नाही. आपल्या घरातल्या गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: साड्या कुणाच्या, शिवली कुणी आणि कोणत्या साली. त्याला अर्धा तासही लागणार नाही. तेवढे मात्र नक्की करावे.